चौकट बदला, हिशेब बदलू नका

तुमच्यापैकी ज्यांच्या घरी शेती आहे त्यांनी सात-बाराचा उतारा नक्की पाहिला असेल. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा मिळून हा उतारा बनतो. सातमध्ये जमीन कोणाची ते लिहिलेले असते आणि बारामध्ये तिच्यात काय पिकले ते. पिकांची ही नोंद पूर्वी तलाठी करीत. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ‘ई-पीक पाहणी’ सुरू झाली आणि शेतकरी स्वतः बांधावर उभा राहून मोबाइलवरून ही नोंद करू लागला. पीक निवडायचे, क्षेत्र भरायचे, उभ्या पिकाचे छायाचित्र काढायचे आणि पाठवून द्यायचे.

अहिल्यानगर जिल्ह्याचा विचार करा. २०२४ पर्यंत याचे नाव अहमदनगर होते. क्षेत्रफळ १७,०४८ चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा, आणि तालुके १४. पश्चिमेला अकोले तालुक्यात भाताची खाचरे, प्रवरेच्या काठी ऊस, तर कर्जत-जामखेडकडे ज्वारी. एवढ्या जिल्ह्यात कोणी काय पेरले आणि किती क्षेत्रावर पेरले, हे लहानशा फोनमधून कळू शकते, ही विज्ञानाची किमयाच म्हणायची.

पण २०२२ मध्ये या ॲपची दुसरी आवृत्ती आली. पुढे केंद्र सरकारच्या डिजिटल पीक सर्वेक्षणाशी जोडलेले नवे ॲप आले. जुने काढा, नवे घ्या. अशा वेळी पारावर एक प्रश्न हमखास निघतो: “चांगले चालले होते, मग बदलले कशाला?”

हा प्रश्न अडाणीपणाचा मुळीच नाही. मोठमोठे तंत्रज्ञही स्वतःला हाच प्रश्न विचारत असतात. त्याचे उत्तर समजण्यासाठी आपल्याला कोणत्याही ॲपच्या पोटात डोकावावे लागेल.

ॲपच्या पोटात काय असते?

प्रयोगशाळेत काम करताना तुम्ही काच वितळवून परीक्षानळी बनवत बसत नाही. तयार नळी घेता आणि प्रयोगाला लागता. प्रोग्रॅम लिहिणाराही तसेच करतो. वारंवार लागणारी कामे कोणीतरी एकदा नीट लिहून ठेवलेली असतात. अशा तयार भागांच्या संचाला संगणकाच्या क्षेत्रात लायब्ररी म्हणतात. इथे पुस्तके नसतात. पण गरजेची गोष्ट मागावी आणि ती मिळावी, हा ग्रंथालयाचा गुण तिच्यात असतो. फोन कोठे आहे हे उपग्रहांच्या मदतीने ओळखणे, छायाचित्राचा आकार लहान करणे, इंटरनेट नसेल तेव्हा माहिती फोनमध्येच साठवणे, अशा प्रत्येक कामासाठी लायब्ररी असते.

आपण एक छोटी लायब्ररी कल्पनेने तयार करू. तिचे काम एकच: गुंठ्यांचे आर करून देणे. सात-बारावर क्षेत्र हेक्टर आणि आरमध्ये असते, पण शेतकऱ्याच्या तोंडी असतात एकर आणि गुंठे. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद जागा म्हणजे एक गुंठा. एक फूट म्हणजे ०.३०४८ मीटर. म्हणून ३३ फूट म्हणजे १०.०५८४ मीटर, आणि त्याचा वर्ग सुमारे १०१.१७ चौरस मीटर. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर. तेव्हा एक गुंठा म्हणजे १.०११७ आर, आणि ४० गुंठ्यांचा एक एकर म्हणजे ४०.४७ आर.

आता समजा, कोणी घाईत ‘गुंठा म्हणजे आरच की’ असे धरले. एका गुंठ्यात हा फरक जाणवणारही नाही. पण पाच एकरांत, म्हणजे २०० गुंठ्यांत, तो २.३४ आर होतो. सव्वादोन गुंठ्यांहून थोडी अधिक जमीन कागदावरून नाहीशी झाली! शेत तेवढेच, पीक तेवढेच, चूक मात्र त्या लहानशा लायब्ररीत. आणि ती लायब्ररी जितकी ॲप वापरतील तितक्या ठिकाणी ही चूक पोहोचेल.

दोन रूळ आणि एक गाडी

दौंडहून अहिल्यानगरमार्गे मनमाडला जाणारी रेल्वे रुंद रुळांची आहे. दोन रुळांत १,६७६ मिलिमीटर अंतर. मनमाडहून औरंगाबादकडे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरकडे, जाणारा निजामाच्या काळातला मार्ग मात्र मीटरगेज होता, म्हणजे अंतर १,००० मिलिमीटर. १९९० च्या दशकात तो रुंद होईपर्यंत मनमाडला एका गाडीतला माल उतरवून दुसऱ्या गाडीत भरावा लागे. माल तोच, पण रूळ वेगळे म्हणून सारी खटपट.

मोबाइलच्या जगातही असेच दोन रूळ आहेत. एक अँड्रॉइड, दुसरा आयओएस. अँड्रॉइडसाठी जावा किंवा कोटलिन भाषेत लिहितात. आयओएससाठी ऑब्जेक्टिव्ह-सी किंवा स्विफ्ट भाषेत. म्हणजे एकाच ॲपसाठी दोनदा मेहनत, दोनदा चुका आणि दोनदा दुरुस्ती. यावर उपाय म्हणून तंत्रज्ञांनी अशा चौकटी तयार केल्या की त्यांच्यात एकदा लिहिलेले ॲप दोन्ही रुळांवर धावावे. चौकटीला ते फ्रेमवर्क म्हणतात. झॅमरिन ही त्यांतली एक जुनी चौकट. तिची कंपनी २०११ मध्ये निघाली आणि २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती विकत घेतली. २०१५ मध्ये फेसबुकने रिॲक्ट नेटिव्ह सर्वांसाठी खुली केली. २०१८ च्या डिसेंबरात गूगलच्या फ्लटरची पहिली पक्की आवृत्ती आली. २०२२ च्या मे महिन्यात झॅमरिनची वारस म्हणून मायक्रोसॉफ्टने डॉटनेट माउई बाजारात आणली.

चौकटीही म्हाताऱ्या होतात

तुम्ही म्हणाल, एकदा चौकट निवडली की झाले! प्रोग्रॅमला काही गंज चढत नाही. दहा वर्षांपूर्वीची बेरीज आजही तेवढीच येते.

हे अर्धे खरे आहे. प्रोग्रॅम बदलत नाही, पण त्याच्या खालची जमीन बदलते. गूगलच्या प्ले स्टोअरने १ ऑगस्ट २०१९ पासून नियम केला की, यंत्रभाषेत उतरवलेले भाग असलेल्या ॲपने ते ६४ बिटच्या प्रोसेसरसाठीही दिलेच पाहिजेत. १ नोव्हेंबर २०२५ पासून आणखी एक नियम लागू झाला. फोनची स्मृती ही एका वहीसारखी असते. तिची पाने ठरावीक आकाराची असतात. अँड्रॉइडमध्ये हे पान वर्षानुवर्षे ४ किलोबाइटचे होते. नव्या फोनांत ते १६ किलोबाइटचे असू शकते. म्हणून अँड्रॉइडच्या पंधराव्या आणि त्यापुढच्या आवृत्त्यांसाठी दिल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या ॲपला आणि जुन्याच्या प्रत्येक सुधारणेला मोठ्या पानावर चालता आले पाहिजे. लहान पान गृहीत धरून यंत्रभाषेत उतरवलेली लायब्ररी पुन्हा उतरवून घ्यावी लागते. ती लिहिणाराच आता नसेल, किंवा तिची चौकट बंद पडली असेल, तर काय करणार?

झॅमरिनच्या बाबतीत हेच घडले. १ मे २०२४ रोजी मायक्रोसॉफ्टने तिचा आधार काढून घेतला. त्या दिवशी झॅमरिनमधली ॲप बंद पडली, असे मात्र नाही. ती चालत राहिली. पण नव्या फोनसाठी, नव्या नियमांसाठी आणि नव्याने सापडणाऱ्या सुरक्षेच्या छिद्रांसाठी आता कोणी काम करणार नव्हते. दुरुस्ती थांबलेल्या पुलावरूनही काही काळ गाड्या जातातच.

मग झॅमरिनसाठी लिहिलेल्या लायब्रऱ्यांचे काय झाले? फोनचे ठिकाण, बॅटरी, साठवण यांसाठी ‘झॅमरिन इसेन्शियल्स’ ही लायब्ररी होती. ती माउईच्या पोटातच सामावून घेतली गेली. बाहेरची नावे बदलली, कामे बरीचशी तीच राहिली. स्वयंसेवकांनी उभारलेला ‘झॅमरिन कम्युनिटी टूलकिट’ हा संच होता. त्याच्या जागी माउईसाठी नवा संच उभा राहिला, तोही बऱ्याच अंशी स्वयंसेवकांच्या श्रमातून. पण ज्या लहान लायब्रऱ्यांना कोणी वाली नव्हता, त्या मागेच राहिल्या. त्यांच्यावर ज्यांची ॲप उभी होती त्यांना दुसरी लायब्ररी शोधणे किंवा स्वतः लिहिणे भाग पडले.

तेव्हा पारावरच्या प्रश्नाचे पहिले उत्तर असे: बदल हा नेहमी हौसेने होत नाही. पुष्कळदा न बदलण्याचा मार्गच शिल्लक नसतो.

सन १९५७ चा धडा

पण उत्तर इथे संपत नाही. बदलायचे हे ठरले, तरी कसे बदलायचे, हा खरा प्रश्न आहे. त्यासाठी तुमच्या आजी-आजोबांना, किंवा त्यांच्याही वडीलधाऱ्यांना, आठवणारी एक गोष्ट पाहू.

१ एप्रिल १९५७ पूर्वी आपल्या रुपयात १६ आणे होते. त्या दिवसापासून रुपयाचे १०० नवे पैसे झाले. म्हणजे एक आणा बरोबर सव्वासहा नव्या पैशांचा. पण पाव पैशाचे नाणे तर नव्हते! म्हणून सरकारने नियम ठरवला: अर्धा किंवा त्याहून कमी पैसा सोडून द्यायचा, अर्ध्याहून अधिक असेल तर पूर्ण धरायचा. त्यामुळे एका आण्याचे ६ पैसे, दोन आण्यांचे १२, तीन आण्यांचे १९ आणि चार आण्यांचे २५ झाले.

आता गंमत पाहा. एक आणा म्हणजे ६ पैसे, तर तीन आणे १८ व्हायला हवेत. पण तक्ता सांगतो १९. एक-एक आणा सोळा वेळा वेगळा बदलून घेतला तर ९६ पैसे मिळतात. सोळा आणे एकदम बदलले तर पूर्ण १०० पैसे. चार पैसे गेले कोठे? चोरी झाली नाही. ते पूर्णांकात आणण्याच्या नियमात झिरपून गेले.

त्या बदलात दोन गोष्टी शहाणपणाच्या होत्या. एक, अर्ध्याचे काय करायचे हा नियम आधीच जाहीर होता आणि तक्ता सर्वांच्या हाती होता. दोन, जुनी आणि नवी नाणी काही वर्षे बाजारात बरोबरीने चालली. लोकांना सवय झाल्यावर, १९६४ मध्ये, ‘नवा’ हा शब्दही गळून पडला आणि नुसता ‘पैसा’ उरला. देशाच्या सगळ्या खिशांतला हिशेब एका चौकटीतून दुसऱ्या चौकटीत गेला. यापेक्षा मोठे स्थलांतर कोणत्या लायब्ररीचे झाले असेल?

अर्ध्याचे काय करायचे?

हा प्रश्न आजच्या संगणकालाही सुटलेला नाही, असे सांगितले तर तुमचा विश्वास बसणार नाही. शाळेच्या संगणकावर पायथन भाषा असेल तर तिला २.५ हा आकडा पूर्णांकात आणायला सांगा. उत्तर येईल २. मग ३.५ द्या. उत्तर येईल ४. बरोबर अर्धा आला की ही भाषा जवळच्या सम संख्येकडे वळते. झॅमरिन आणि माउई या दोन्ही चौकटी ज्या सी-शार्प भाषेवर उभ्या आहेत, तिचीही नेहमीची रीत हीच. फ्लटरची डार्ट भाषा मात्र २.५ चे ३ करते. रिॲक्ट नेटिव्हची जावास्क्रिप्टही ३ करते. यांत चुकीचे कोणीच नाही. प्रत्येकीचा नियम वेगळा, इतकेच.

आता आपली गुंठ्यांची लायब्ररी आठवा. ती सी-शार्पमध्ये लिहिलेली आहे आणि क्षेत्र पूर्ण आरमध्ये देते, असे समजा. तिचे स्थलांतर फ्लटरमध्ये करायचे ठरले. लिहिणाऱ्याने ओळीला ओळ जुळवून सारे उतरवले. प्रोग्रॅम चालला, पडदा देखणा दिसला, सर्वांनी पाठ थोपटली. आणि अडीच आरच्या वाफ्याची नोंद काल २ आर होत होती, ती आज ३ आर झाली! कोणीही काही ‘चुकवले’ नाही, तरी उत्तर बदलले.

आपल्या मराठी माणसाला आणखी एक अडचण भेटते. शेतकऱ्याने क्षेत्राच्या रकान्यात ‘४०’ हे देवनागरी अंकांत लिहिले तर पायथन ते बिनतक्रार चाळीस समजते. जावास्क्रिप्ट म्हणते, ‘ही संख्याच नाही.’ जुन्या चौकटीत हे अंक वाचण्याची सोय कोणी हाताने केली असेल, आणि नव्या चौकटीत उतरवताना ती ‘अनावश्यक’ म्हणून गाळली गेली, तर मराठी अंक लिहिणारा शेतकरी दारातच अडेल. पुण्या-मुंबईच्या कचेरीत इंग्रजी अंकांनी तपासणी करणाऱ्याला हे कधी दिसणारही नाही.

म्हणून माझे पहिले मत स्पष्ट आहे. चौकट बदलली तरी हिशेब बदलता कामा नये. आणि तो बदललेला नाही, हे गृहीत न धरता तपासून दाखवले पाहिजे.

तपासायचे कसे?

याची रीत विज्ञानाच्या तासाला तुम्ही शिकलेलीच आहे. उपकरण बदलायचे असेल तर आधी जुन्या उपकरणाची मापे नोंदवून ठेवायची, मग त्याच वस्तूंची मापे नव्या उपकरणाने घ्यायची आणि दोन रकाने शेजारी ठेवून पाहायचे.

लायब्ररीचेही तसेच. स्थलांतराला हात घालण्यापूर्वी जुन्या लायब्ररीला शे-दोनशे प्रश्न विचारावेत आणि तिची उत्तरे टिपून ठेवावीत. प्रश्न सोपे नकोत, अडचणीचे हवेत. शून्य गुंठे दिले तर? अर्धा गुंठा दिला तर? उणे संख्या दिली तर? देवनागरी अंक दिले तर? नवी लायब्ररी तयार झाली की तेच प्रश्न तिला विचारायचे. एकही उत्तर वेगळे आले, तर थांबायचे आणि कारण शोधायचे. कधी असेही आढळेल की जुनेच उत्तर चुकीचे होते. तेव्हा ते जरूर सुधारावे, पण जाहीरपणे सुधारावे. स्थलांतराच्या गर्दीत गुपचूप नव्हे.

दुसरी गोष्ट, हिशेब आणि पडदा वेगळे ठेवावेत. गुंठ्याचे आर करण्याचा नियम फोनच्या पडद्याशी, बटणांच्या रंगाशी किंवा चौकटीच्या नावाशी बांधलेला नाही. तो वेगळ्या फडताळात ठेवला असेल तर चौकट बदलताना फडताळ जसेच्या तसे उचलून नेता येते. झॅमरिनकडून माउईकडे जाताना भाषा सी-शार्पच राहिली. त्यामुळे ज्यांनी हिशेब वेगळा ठेवला होता त्यांना पडद्याचा भागच मुख्यतः नव्याने करावा लागला. ज्यांनी हिशेब बटणाच्या आतच कोंबला होता त्यांचे हाल झाले. हा नीटनेटकेपणा पहिल्या दिवशी फारसा उपयोगी वाटत नाही. त्याचे व्याज दहा वर्षांनी मिळते.

तिसरी गोष्ट, सगळे एकदम मोडू नये. ‘हे जुने सारे टाकून देऊ आणि कोऱ्या कागदावर लिहू’ असे म्हणायला फार बरे वाटते. १९९८ मध्ये नेटस्केप या गाजलेल्या ब्राउझरच्या बाबतीत असेच ठरले. जुना प्रोग्रॅम बाजूला ठेवून बहुतेक सारे नव्याने लिहायला घेतले. चौथ्या आवृत्तीनंतर पाचवी आलीच नाही. सहावी आली ती थेट २००० च्या नोव्हेंबरात. तोवर बहुतेक लोक दुसऱ्या ब्राउझरकडे गेले होते. जुन्या प्रोग्रॅममध्ये वेड्यावाकड्या दिसणाऱ्या ओळींतली प्रत्येक ओळ कोणा ना कोणा वापरणाऱ्याच्या अडचणीवर लावलेले ठिगळ असते. ठिगळ का लावले हे समजल्याशिवाय ते उसवू नये.

मागे कोण राहते?

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. झॅमरिनची फॉर्म्स ही चौकट अँड्रॉइडच्या ४.४ या आवृत्तीपर्यंतच्या जुन्या फोनांवर चालत असे. माउईला किमान ५.० लागते. कागदावर हा फरक किरकोळ आहे. पण घरातला फोन कसा फिरतो ते तुम्हांला माहीत आहे. नवा फोन कमावत्या मुलाकडे, त्याचा जुना आईकडे आणि सर्वांत जुना आजोबांकडे. बांधावर जाऊन पिकाची नोंद करायची असते ती बहुधा आजोबांना!

शिवाय अकोल्याच्या डोंगरात फोनला रेंज मिळेलच असे नाही. माहिती तोवर फोनमध्ये साठवून नंतर पाठवावी लागते. समजा, आजोबांनी सकाळी नोंद साठवली, आणि संध्याकाळी गावात रेंज मिळताच आधी ॲपची नवी आवृत्ती उतरली. साठवलेली नोंद नव्या ॲपला सापडेल का? ती आपोआप सापडतेच असे नाही. झॅमरिनच्या फॉर्म्समध्ये अशी किरकोळ माहिती ठेवायला जी पेटी होती, ती माउईमध्ये काढून टाकण्यात आली आणि तिच्या जागी दुसरी आली. जुन्या पेटीतले सामान नव्या पेटीत नेण्यासाठी मुद्दाम प्रोग्रॅम लिहावा लागतो. तो लिहायचे राहिले, तर घर बदलताना ट्रंक जुन्याच घरी विसरावी तसे होते.

काही जण म्हणतात की प्रगतीबरोबर थोडे लोक मागे राहणारच. मला हे पटत नाही. मागे राहणारे लोक कोण, हे आधी मोजायला हवे. किती जणांचे फोन जुने आहेत, हे ॲप चालवणाऱ्यांना समजू शकते. ते मोजून त्यांच्यासाठी जुनी आवृत्ती काही काळ चालू ठेवणे, किंवा गावात एका नव्या फोनवर सर्वांची सोय करणे, हे स्थलांतराच्या खर्चातच धरले पाहिजे. १९५७ मध्ये आण्याचे नाणे घेऊन बाजारात आलेल्या म्हातारीला कोणी परत पाठवले नाही. मग जुना फोन घेऊन आलेल्या आजोबांना का पाठवावे?

शाळेने काय करावे?

शेवटी माझे दुसरे मत. ते मुख्यतः शिक्षकांसाठी आहे.

आपल्या विज्ञान प्रदर्शनांत बक्षीस कोणाला मिळते? ज्याने काही ‘नवे’ केले त्याला. गेल्या वर्षीच्या विद्यार्थ्याने केलेला पर्जन्यमापकाचा प्रोग्रॅम या वर्षीच्या संगणकावर चालेनासा झाला, तर तो चालू करणाऱ्याला कोणी विचारत नाही. मग मुले जुने टाकून पुन्हा नवे करतात, आणि पुढच्या वर्षी तेही टाकले जाते. मोठेपणी हीच सवय कचेऱ्यांत आणि कारखान्यांत जाते. उद्घाटनाला गर्दी, देखभालीला कोणी नाही.

अहिल्यानगर जिल्ह्यातच याचे उलट उदाहरण आहे. प्रवरा नदीवर भंडारदऱ्याचे दगडी धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. १९६९ मध्ये त्याच्या भिंतीला तडे गेले आणि गळती वाढली. तेव्हा अभियंत्यांनी धरण मोडले नाही. भिंतीला आधार देऊन ते मजबूत केले, आणि प्रवरेच्या कालव्यांना आजही त्याच धरणाचे पाणी मिळते. धरण बांधणाऱ्यांचे कौतुक पुष्कळांनी ऐकले असेल. ते वाचवणाऱ्यांचे किती जणांनी ऐकले?

म्हणून माझी सूचना अशी. प्रत्येक शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात ‘जुने चालते ठेवा’ असा एक विभाग असावा. त्यात मागील विद्यार्थ्यांचा प्रोग्रॅम किंवा उपकरण घ्यायचे, ते नव्या साधनांवर उतरवायचे, आणि जुन्या-नव्या उत्तरांचा तक्ता शेजारी लावायचा. परीक्षकांनी रंगरूपाला गुण देऊ नयेत. तीन प्रश्न विचारावेत. उत्तरे तीच येतात का? नसतील तर का बदलली? आणि या बदलामुळे कोणाची गैरसोय झाली, त्याची सोय तुम्ही कशी केली?

महागडे संगणक नसले तरी हे करता येते. गुंठ्याचे आर करण्याचा प्रोग्रॅम पायथनमध्ये दहा ओळींत होतो. तोच जावास्क्रिप्टमध्ये उतरवा. शून्यापासून शंभर गुंठ्यांपर्यंत अर्ध्या-अर्ध्या गुंठ्याने दोन्हींची उत्तरे काढा आणि ताडून पाहा. मग आकडे देवनागरीत देऊन पाहा. कोठे फरक पडतो ते वहीत लिहा आणि आपल्या सात-बारावरच्या क्षेत्राशी घरच्यांच्या तोंडचे गुंठे जुळतात का, तेही एकदा तपासा. शेत आहे तेवढेच राहिले पाहिजे, मग फोनमधली चौकट कोणतीही असो.